पादचाऱ्याला वाहनाची धडक आणि संगणकीय प्रतिमाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई–गोवा महामार्गाच्या, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या, आजूबाजूला राहणारे शिक्षक, वकील, एस.टी.चे चालक, ग्रामपंचायत सदस्य आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ३२,८२५ पादचारी होती. दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पायी चालणारा असूनही अपघातांविषयीचे आपले बोलणे बहुधा गाडीत बसलेल्यांपुरतेच राहते, म्हणून ही प्रश्नोत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत.

१. गाडीची धडक संगणकावर ‘करून बघतात’ म्हणजे नेमके काय करतात?

वाहनाच्या पुढच्या भागाचा आकार व कडकपणा आणि माणसाच्या शरीराची रचना संगणकात उतरवतात; या उतरवलेल्या रूपालाच प्रतिमान (मॉडेल) म्हणतात. मग धडकेच्या क्षणापासून पुढे, काळाचे अत्यंत लहान तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात कोणत्या भागावर किती बल आले आणि तो किती सरकला किंवा वाकला याचे गणित न्यूटनच्या नियमांनी सोडवतात.

शरीर उतरवण्याच्या दोन रीती आहेत. मल्टिबॉडी रीतीत डोके, मान, छाती, मांडी, नडगी असे मोजके कडक भाग सांध्यांनी जोडलेले असतात. हे गणित काही मिनिटांत सुटते, त्यामुळे वेग, उंची किंवा चालण्याची ढब बदलून शेकडो शक्यता तपासता येतात. नेदरलँड्समध्ये विकसित झालेली मॅडिमो ही प्रणाली या रीतीची आहे. फायनाइट एलिमेंट रीतीत हाडे, अस्थिबंध, मेंदू आणि बॉनेटचा पत्रा यांचे लाखो छोटे घटक केले जातात. टोयोटाचे ‘थम्स’ हे मानवी शरीराचे प्रतिमान या प्रकारचे आहे आणि ते चालवण्यासाठी बरेचदा एल.एस.-डायना ही गणित सोडवणारी प्रणाली वापरतात, जिचे मूळ जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ साली अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लिहिलेल्या आज्ञावलीत आहे. पोलादात आघाताची लहर सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने धावते. ती एका घटकातून पार होण्याच्या आत गणिताचे पुढचे पाऊल पडावे लागते, म्हणून ५ मिलिमीटरच्या घटकासाठी हे पाऊल सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढे ठेवतात. धडकेचा पहिला पाव सेकंद काढायलाही अशी अडीच लाख पावले लागतात आणि संगणक तासन्‌तास गुंततो.

२. मोटारीने धडक दिल्यावर माणूस नेहमी पुढे फेकला जातो ना?

बसक्या बॉनेटच्या मोटारीपुढे उभा असलेला प्रौढ माणूस लगेच पुढे फेकला जात नाही. बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो आणि पाय गाडीच्या वेगाने ओढला जातो, पण वरचे शरीर जडत्वामुळे जागीच असते. त्यामुळे मांडी आणि कंबर बॉनेटच्या कडेवर आपटते, धड बॉनेटवर लोळते आणि शेवटी डोके बॉनेटवर किंवा पुढच्या काचेवर येऊन आदळते. ताशी ४० किलोमीटरच्या धडकेत हा सारा प्रकार साधारण एक दशांश ते दीड दशांश सेकंदात उरकतो. गाडी ब्रेक मारून मंदावली की माणूस तिच्यापासून सुटून पुढे पडतो आणि रस्त्यावर घसरतो.

गाडीचा पुढचा भाग माणसाच्या गुरुत्वमध्यापेक्षा उंच असेल तर मात्र माणूस सरळ पुढे ढकलला जातो. त्यामुळे लहान मुलाच्या बाबतीत साधी मोटारही एखाद्या ट्रकसारखी वागते. गाडीचा केवळ कोपरा लागला, तर माणूस बाजूला भिरकावला जातो आणि प्रश्न ११ मधील गणित तेथे चालत नाही.

३. एच.आय.सी. १००० हा आकडा सगळीकडे दिसतो. त्याचा अर्थ काय?

एच.आय.सी. हा डोक्याच्या इजेचा निर्देशांक आहे. डोक्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे हे मोजतात, निवडलेल्या कालखंडातील त्याच्या सरासरीचा अडीचवा घात घेतात आणि त्याला त्या कालखंडाने गुणतात. पादचाऱ्यांसाठीच्या चाचण्यांत हा कालखंड जास्तीत जास्त १५ मिलिसेकंदांचा धरतात. घात अडीचचा असल्यामुळे थोडा वेळ बसलेला जोरदार दणका हा जास्त वेळ बसलेल्या सौम्य दणक्यापेक्षा कितीतरी वाईट ठरतो, आणि वाहनाच्या रचनेचा सगळा प्रश्न येथेच आहे.

ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटवर आलेले डोके थांबायचे आहे असे धरा. ते १०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १०० पट) इतक्या स्थिर मंदनाने, म्हणजे एकसारखा वेग कमी होत, थांबले तर १० मिलिसेकंद लागतात, बॉनेटला जवळपास ५ सेंटिमीटर दबावे लागते आणि निर्देशांक बरोबर १००० येतो. तेच डोके ५० जी मंदनाने थांबले तर २० मिलिसेकंद लागतात आणि दबण्याची खोली १० सेंटिमीटरांच्या आसपास जाते. तो सगळा २० मिलिसेकंदांचा काळ धरला तरी निर्देशांक ३५४ येतो आणि १५ मिलिसेकंदांची मर्यादा लावली तर आणखी कमी. डोक्याचा वेग दोन्ही वेळा तोच आहे, फरक आहे तो पत्र्याखाली मिळालेल्या पाच सेंटिमीटर जागेचा. बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये ही जागा नसली, की पत्रा कितीही मऊ असला तरी डोके अखेरीस इंजिनावरच थांबते. धडक ओळखून बॉनेट मागच्या बाजूने उचलणारी यंत्रणा काही गाड्यांत असते आणि व्होल्वोने २०१२ साली व्ही-४० या मोटारीत पादचाऱ्यासाठी बाहेरची एअरबॅग आणली. दोन्हींचा हेतू हीच जागा मिळवण्याचा आहे.

१००० ही जगण्या-मरण्याची रेषा समजू नये, कारण तिच्या खालीही गंभीर इजा होते आणि तिच्यावरही माणसे वाचतात. शिवाय या निर्देशांकात डोक्याला बसलेला पीळ धरलेला नाही, आणि मेंदूच्या पेशींना ताण देणारी गोष्ट बरेचदा तो पीळच असतो. त्यासाठी मेंदूचे फायनाइट एलिमेंट प्रतिमान लागते.

४. ताशी ४० ऐवजी ५० ने गेलो तर असा काय फरक पडतो?

फार मोठा. एक सेकंद भान येण्यास आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे मंदन दर सेकंदाला सेकंदास ७ मीटर, असे धरू. ताशी ४० ने येणारी गाडी सुमारे २० मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५० ने येणारी गाडी त्याच २० व्या मीटरवर अजून ताशी ३७ किलोमीटरहून अधिक वेगात असते. तेथे शाळेतून सुटलेले मूल उभे असेल, तर पहिल्या चालकाच्या बाबतीत अपघातच होत नाही.

धडक झालीच तर तिची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. जर्मनीतील अपघातांच्या नोंदींवरून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ताशी ५० ने मोटारीची धडक बसलेल्या प्रौढ पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ४० च्या दुपटीहून आणि ताशी ३० च्या पाचपटीहून अधिक असतो. आमच्या कोणत्याही प्रतिमानात बॉनेटच्या सुधारणेने एवढा फायदा झालेला दिसत नाही. वेगाची मर्यादा हे पादचाऱ्यासाठी सर्वांत प्रभावी साधन आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

५. माझ्या गाडीला पाच तारे आहेत. म्हणजे ती पायी चालणाऱ्यालाही सुरक्षित, असे समजावे का?

तसे समजू नये. भारत एनकॅप या मोटारींना सुरक्षेचे तारे देणाऱ्या, २०२३ साली सुरू झालेल्या योजनेच्या पहिल्या नियमावलीत तारे दिले गेले ते गाडीतील प्रौढांच्या आणि मुलांच्या संरक्षणासाठी.

पादचाऱ्यांसाठी भारतात ए.आय.एस.-१०० हे वेगळे मानक आहे आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या २००८ सालच्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक ९ च्या धर्तीवर बेतलेले आहे. त्या जागतिक नियमात मुलाच्या डोक्यासाठी साडेतीन किलोचा आणि प्रौढाच्या डोक्यासाठी साडेचार किलोचा गोल ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटवर मारतात, तर कृत्रिम पाय ताशी ४० ने बंपरवर मारतात. डोक्याच्या चाचणीत बॉनेटच्या दोनतृतीयांश भागावर निर्देशांक १००० च्या आत आणि उरलेल्या भागावर १७०० च्या आत असावा लागतो. यात पूर्ण माणूस कोठेच नसतो, त्याचे सुटे भाग असतात. पूर्ण माणसाचा विचार संगणकीय प्रतिमानातच होतो.

डॉक्टर मंडळींसाठी एक खुलासा. तुम्ही इजेची तीव्रता १ ते ६ अशी लिहिता ती श्रेणीही ए.आय.एस. म्हणूनच ओळखली जाते. तिचा या मानकाशी संबंध नाही.

६. गाडीपुढे लोखंडी गार्ड बसवला तर चालतो का?

चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरतात असे कळवून कारवाई करण्यास सांगितले. तांत्रिक कारण प्रश्न ३ मध्ये आले आहे. दबू न शकणारा लोखंडी नळ मुलाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर येतो आणि बंपर, बॉनेट यांची सगळी रचना निरुपयोगी करून टाकतो.

७. आमच्याकडे जास्त भीती डंपरची, एस.टी.ची आणि सहा आसनी रिक्षांची. त्यांचे काय?

हा प्रश्न कणकवली–कुडाळच्या पट्ट्यातून सर्वाधिक येतो आणि तो योग्यच आहे. प्रश्न ५ मधील मानक प्रवासी मोटारी आणि त्यांच्यापासून बनवलेली हलकी वाहने यांच्यापुरते आहे. बस, ट्रक, डंपर आणि तीनचाकी त्यात येत नाहीत. जगातील बहुतेक प्रतिमानेही मोटारींसाठीच बनली, कारण ज्या देशांत ती बनली तेथे पादचाऱ्याला बहुधा मोटारच ठोकरते. दिल्लीच्या आय.आय.टी.त दिनेश मोहन, सुदिप्तो मुखर्जी, अनूप चावला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बस आणि तीनचाकी यांच्या धडकेची प्रतिमाने मुद्दाम केली. आपल्या रस्त्यांसाठी हे काम फार मोलाचे आहे.

सपाट पुढच्या भागाच्या बसमध्ये बॉनेटवर लोळण्याचा टप्पाच नसतो. छाती, खांदा आणि डोके जवळजवळ एकाच वेळी पत्र्यावर किंवा काचेवर आदळतात आणि माणूस क्षणार्धात बसच्या वेगाने पुढे ढकलला जाऊन तिच्याच वाटेत पडतो. त्यानंतरचा धोका चाकांचा असतो (प्रश्न १६ पाहा). चिरे भरलेल्या डंपरमध्ये दोन गोष्टींची भर पडते. त्याचा पोलादी बंपर दबत नाही, आणि चालक उंच बसत असल्यामुळे अगदी समोरचे बुटके माणूस त्याला दिसतच नाही. भार किती आहे यावर धडकेतील इजा मात्र फारशी अवलंबून नसते. रिकामा डंपरही माणसाच्या शंभरपट जड असतो आणि धडकेने त्याचा वेग नगण्य कमी होतो. भाराचा परिणाम होतो तो ब्रेकवर, विशेषतः परशुराम किंवा कशेडी घाटाच्या जुन्या उतारासारख्या ठिकाणी.

सहा आसनी रिक्षेचा पुढचा भाग अरुंद असल्यामुळे धडक मध्यावर बसली की कोपऱ्यावर, यानुसार निकाल पूर्ण बदलतो. अशा वाहनासाठी एकच आकडा सांगणारे प्रतिमान आम्ही विश्वासार्ह मानत नाही. धडकेची जागा बदलून अनेक वेळा गणित केलेले असले पाहिजे.

८. या प्रतिमानांतला माणूस आपल्यासारखा असतो का?

‘मध्यम पुरुष’ म्हणून वापरले जाणारे प्रतिमान सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीचे आणि ७७ किलो वजनाचे असते. भारतीय पुरुषाची सरासरी उंची त्यापेक्षा बरीच कमी आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरांच्या आसपास आहे आणि ती परदेशी संचांतील ‘लहान स्त्री’ या प्रतिमानाच्या जवळ जाते. तेथे जी टोकाची समजली जाते, ती आपल्याकडे सर्वसामान्य आहे.

उंची बदलली की डोके आदळण्याची जागा बदलते. जमिनीपासून बंपर आणि बॉनेटवरून मोजत गेलेल्या अंतराने ही जागा सांगतात. ज्या गाडीवर उंच माणसाचे डोके काचेच्या मध्यावर येते, तिच्यावर आपल्या आजीचे डोके बॉनेटच्या मागच्या कडेवर, वायपरच्या कठीण बिजागऱ्यांजवळ येऊ शकते. प्रतिमान केवळ प्रमाणात लहान करून भागत नाही, कारण वयाबरोबर हाडांची घनता आणि बरगड्यांची ताकदही बदलते. हाडांचे गुणधर्म वयानुसार वेगळे भरावेच लागतात.

९. डोक्यावर पाटी घेतलेल्या मासळीविक्रेत्या बाईचे प्रतिमान करता येते का?

करता येते, पण तयार मिळत नाही. प्रमाणित प्रतिमाने हात मोकळे सोडून चालणाऱ्या माणसाची असतात. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरून पाटी घेऊन निघालेल्या बाईचा एक हात वर असतो, मान ताठ असते, पावले आखूड पडतात आणि मान झटकन वळवून मागचे वाहन पाहणे तिला शक्य नसते. यातील शेवटची गोष्ट अपघात टाळण्याशी निगडित आहे. बाकीच्या गोष्टी प्रतिमानात भराव्या लागतात.

पाटी डोक्याला बांधलेली नसते, चुंबळीवर नुसती टेकलेली असते. धडकेत पाय खालून ओढले गेले की पाटी जडत्वाने जागेवर राहू पाहते आणि डोके तिच्याखालून निसटते. त्या अल्पकाळात मानेवर किती भार येतो, हे पाटीचे वजन, चुंबळीचे घर्षण आणि मानेचे स्नायू किती ताणलेले आहेत यांवर ठरते, म्हणून पाटी स्वतंत्र वस्तू म्हणून घालून मधले घर्षण मोजून भरावे लागते. वर उचललेल्या हाताचाही परिणाम होतो. कोपर किंवा खांदा बॉनेटला आधी लागला तर डोक्याचा आदळण्याचा वेग बदलतो. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातील किंवा कोकणातील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हा विषय प्रकल्प म्हणून घ्यावा, अशी आमची मनापासूनची इच्छा आहे, कारण पाटीचे वजन आणि चालण्याची ढब मोजायला बंदरापर्यंत जाणारा माणूस लागतो.

१०. गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा गटारात आपटून झालेली इजा गणितात धरतात का?

बरेचदा धरत नाहीत, आणि कोकणासाठी ही मोठी उणीव आहे. वाहनाशी झालेल्या धडकेनंतर जमिनीवर पडणे हा दुसरा आघात, आणि तो फार लहरी असतो. धडकेच्या वेळी कोणता पाय पुढे होता एवढ्या फरकानेही माणूस पाठीवर पडेल की डोक्यावर हे बदलते. म्हणून त्याविषयी एकच गणित करून निष्कर्ष काढू नये.

आपल्या जुन्या रस्त्यांना साइडपट्टी नावापुरती असते आणि लगेच जांभ्याचा गडगा किंवा उघडे गटार लागते. सपाट डांबरावर घसरत थांबणारा माणूस येथे वेग शिल्लक असतानाच चिऱ्यावर आदळतो. प्रतिमानात गडगा कडक भिंत म्हणून घालणे सोपे आहे. त्याचे रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर आणि उंची मात्र जागेवर जाऊन मोजली पाहिजे.

११. माणूस किती लांब पडला यावरून गाडीचा वेग काढता येतो का?

अंदाज काढता येतो, आणि तो नेहमी ‘अमुक ते अमुक’ असाच सांगावा. १९८३ साली सर्ल यांनी मांडलेल्या सूत्रानुसार धडकेच्या जागेपासून शरीर थांबल्याच्या जागेपर्यंतचे अंतर आणि शरीर व रस्ता यांच्यातील घर्षणांक (घर्षण किती आहे हे सांगणारा आकडा) माहीत असेल, तर फेकले जाण्याच्या वेगाची खालची आणि वरची मर्यादा मिळते. अंतर १५ मीटर आणि घर्षणांक ०.६६ असेल तर वेग ताशी सुमारे ४२ ते ५० किलोमीटर येतो. पावसाने रस्ता निसरडा होऊन घर्षणांक ०.५ झाला असे धरले, तर त्याच १५ मीटरांसाठी ताशी ३९ ते ४४ येतो. म्हणजे आषाढातल्या अपघाताला उन्हाळ्यातला घर्षणांक लावला, तर चालकावर अन्याय होऊ शकतो.

बॉनेटवर लोळून गेलेल्या माणसाचा फेकला जाण्याचा वेग गाडीच्या वेगापेक्षा काहीसा कमी असतो, म्हणून गाडीचा खरा वेग या उत्तराहून थोडा वरच असतो. घाटाच्या उतारावर उताराची दुरुस्ती करावी लागते. कोपऱ्याची धडक, माणूस बॉनेटवर अडकून पुढे नेला जाणे किंवा मध्येच गडगा लागणे, यांपैकी काहीही घडले असेल तर सूत्र लागू होत नाही. अशा वेळी मल्टिबॉडी प्रतिमान वेगवेगळ्या वेगांनी चालवून बॉनेटवरील पोचे, काचेची तड, इजा आणि शरीराची अंतिम जागा हे सारे एकाच वेळी कोणत्या वेगाला जुळते ते पाहतात.

१२. असा अहवाल न्यायालयात ग्राह्य धरला जातो का?

तज्ज्ञाचे मत म्हणून सादर करता येतो; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये आणि त्याआधी १८७२ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये त्याची तरतूद आहे. मत पटवून घ्यायचे की नाही हे न्यायालय ठरवते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे संभाव्यतेचे पारडे कोठे झुकते हे पाहिले जाते, तर फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. त्यामुळे एकच अहवाल एका ठिकाणी पुरेसा आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरा ठरू शकतो. वकिलांनी तज्ज्ञाला पहिला प्रश्न घर्षणांक कोठून घेतला हा विचारावा आणि दुसरा, वेग थोडा कमी-जास्त केल्यास निष्कर्ष टिकतो का हा.

१३. अपघाताच्या जागी गावकऱ्यांनी काय नोंदवून ठेवावे?

जखमीला रुग्णालयात हलवणे हे पहिले काम. त्यानंतर कोणी मोकळे असेल तर चप्पल, छत्री, पाटी, काचेचे तुकडे कोठे पडले आहेत त्यांची छायाचित्रे किलोमीटरच्या दगडासह किंवा विजेच्या खांबासह घ्यावीत, कारण नंतर अंतर मोजायला स्थिर खूण लागते. ब्रेकच्या खुणा, रस्ता ओला होता की कोरडा, आणि गाडीवरील पोच्यांची जमिनीपासूनची उंची यांचीही नोंद हवी. धडकेची नेमकी जागा सर्वांत आधी पुसली जाते आणि प्रश्न ११ मधील सर्व गणित तिच्यावरच उभे असते. पोलिसांची नोंद आता आय.आय.टी. मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी उभारलेल्या संगणकीय प्रणालीत जाते. ही छायाचित्रे तपास अधिकाऱ्याकडे द्यावीत.

१४. संगणक सांगतो ते खरे कशावरून?

मृत्यूनंतर दान केलेल्या देहांवर पूर्वी केलेल्या धडक चाचण्यांच्या मोजमापांशी प्रतिमान ताडून पाहतात. डोक्याचा मार्ग, हाड मोडण्याची जागा आणि बलाचा आलेख जुळला तरच ते पुढे वापरतात. ज्यांनी देह दिले त्यांच्यामुळेच हे शास्त्र उभे आहे.

याशिवाय प्रत्येक गणिताची स्वतंत्र तपासणी लागते. एकूण ऊर्जा कायम राहिली का आणि घटकांच्या खोट्या, म्हणजे केवळ गणिताच्या रीतीमुळे दिसणाऱ्या, विकृतीत किती ऊर्जा गेली हे पाहिल्याविना चित्रफीत कितीही खरी भासली तरी तिला किंमत देऊ नये. तसेच मोटारीसाठी ताडलेले प्रतिमान डंपरच्या धडकेसाठी आपोआप पात्र ठरत नाही.

१५. महागडी प्रणाली परवडत नाही. विद्यार्थ्याने सुरुवात कशी करावी?

थम्स २०२१ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. २०२२ मध्ये रॅडिऑस या प्रणालीची मुक्त आवृत्ती ओपनरॅडिऑस या नावाने आली. मुलांसाठी पायपर आणि स्त्रीशरीरासाठी व्हिवा ही मुक्त प्रतिमाने आहेत. पण आधी प्रश्न ३ आणि ११ मधील गणिते हाताने करावीत. ती करता येत नसतील, तर संगणकाचे उत्तर चुकले आहे हे ओळखता येणार नाही.

१६. माणूस आधीच रस्त्यावर पडलेला असेल आणि चाक अंगावरून गेले, तर हीच प्रतिमाने चालतात का?

नाही. वरची सगळी चर्चा उभ्या किंवा चालत्या माणसाची आहे. चाकाखाली येणे ही चिरडण्याची क्रिया असून ती तुलनेने सावकाश घडते. त्वरण कमी असते, त्यामुळे एच.आय.सी. नगण्य येऊनही इजा प्राणघातक असू शकते. तेथे टायरचे प्रतिमान, त्यावरील भार आणि छाती किंवा ओटीपोट किती दबले हे मोजावे लागते. प्रश्न ७ मध्ये सांगितलेला भार येथे निर्णायक ठरतो, म्हणून भरलेला डंपर आणि रिकामा डंपर यांची गणिते वेगळी करावी लागतात. माणूस आधी उभा होता की पडलेला, हा वाद अनेक खटल्यांत येतो. नडगीवर बंपरच्या उंचीला मोड असेल तर तो उभा असण्याची शक्यता वाढते. मात्र नडगी चाकाखालीही मोडू शकते, म्हणून शवविच्छेदनाच्या अहवालात मोडीची टाचेपासूनची उंची आणि दिशा लिहिलेली असावी.